हुल्डाच्या खणातला हात

आमच्या घरी पाहुणा आला की आधी दारात बूट काढायचा, मग पिशवीतून पुठ्ठ्याचा खोका काढायचा आणि मग त्या खोक्यातून एक हात काढायचा. बाहुलीचा. कधी पाय असायचा, कधी नुसतं डोकं, डोळ्यांच्या जागी दोन भोकं असलेलं. मी लग्न होऊन रोटेनबाखला आले तेव्हा यातलं काही नव्हतं. हे सुरू झालं पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेवरचं कुंपण पडल्यावर, आणि चाललं माझ्या सासूबाई, मेटा लुथार्ट, होत्या तोवर.

येणारे सगळे शिकलेले लोक. जाड पुस्तकं वाचलेले, खिशात भिंग बाळगणारे. बाहुलीची मान उलटी करायची, तिथला आकडा नाहीतर शिक्का बघायचा आणि कारखाना, साल सांगून मोकळं व्हायचं, हे त्यांचं शास्त्र. शिक्का नसलेला तुकडा समोर आला की ते शास्त्र हात टेकायचं. मग कोणीतरी त्यांना सांगायचं, झोनेबेर्गच्या वरच्या डोंगरात एक म्हातारी आहे, तिला दाखवा.

सासूबाईंना भिंग लागत नसे. असलेला चष्माही त्या कपाळावर ढकलायच्या. तुकडा एकदा हुंगायच्या, मग करंगळी त्याच्या पोकळीत घालून खिडकीबाहेर बघत राहायच्या. कान कोरताना माणसाचा होतो तसा चेहरा. मिनिटभरानं म्हणायच्या, "हा इडा क्योलरचा. आमच्याच गल्लीतली. नवऱ्याला लाटण्यानं झोडायची."

पाहुण्याचं तोंड एवढंसं व्हायचं. पॅरिसचं एखादं बडं नाव कानावर पडेल म्हणून दोनशे मैल गाडी हाकत आलेला तो, आणि पदरात पडली इडा क्योलर.

"नक्की ना?" तो विचारायचा.

"अहो, भिंतीला भिंत लावून राहिलेय मी तिच्या!"

लेखी हवं म्हणाला तर सासूबाई कॅलेंडरचं पान फाडून मागं लिहून द्यायच्या: 'हात इडा क्योलरचा. बाई कजाग होती, पण पाव उत्तम.' न्यूरेनबर्गच्या एका गृहस्थांनी तो कागद चौकटीत लावून भिंतीवर टांगलाय म्हणे. आता त्यांना काय माहीत, की त्या कागदातला खरा पुरावा शेवटच्या दोन शब्दांत होता!

कारण सासूबाईंना बाहुल्यांतलं फार काही कळत नव्हतं. त्यांना पाव कळत होते.

आमच्या गावात घराघरात भट्टी नाही. चौकात एक दगडी गावभट्टी आहे, शुक्रवारी पेटते. आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून कोणाचा नंबर कधी ते ठरतं. एका वेळी चार-पाच घरांचे पाव आत जातात, आणि बाहेर येताना सगळे सारखेच काळे. मग आपला कुठला, हे कळायचं कसं? म्हणून आत सारण्याआधी प्रत्येक घरची बाई कणकेवर आपली खूण दाबते. क्योलरांची तीन टिंबं. लेन्झांची बोटाच्या पेरानं ओढलेली आडवी रेघ. खूण आईकडून लेकीकडं येते, नाहीतर सासूकडून सुनेकडं. लहानपणापासून दर शुक्रवारी तेच दाबून दाबून बोटांना इतकी सवय होते, की डोकं दुसरीकडं असलं तरी बोटं आपली खूण दाबून मोकळी होतात.

आणि रोटेनबाखच्या बायकांचा बाकीचा आठवडा जायचा बाहुल्यांचे हात दाबण्यात. कागदाचा लगदा, खडूची भुकटी, काळं पीठ आणि सरस यांचं घट्ट मळलेलं पीठ. साचा दोन भागांचा, तळहाताकडचा आणि पाठीकडचा. पिठाची चकती साच्यात अंगठ्यानं ठासायची, दोन्ही शिंपा, म्हणजे हाताचे दोन अर्धे भाग, सुकत आल्या की कडेला सरस लावून एकमेकींना चिकटवायच्या. झाला हात, आतून पोकळ. बाहेरून साच्याचा चेहरा, सगळे एकसारखे. पण आत, जिथं कोणी बघत नाही तिथं, ठासणाऱ्या बाईच्या बोटांचे खळगे. व्यापाऱ्याची ताकीद असायची, मालावर नाव-गाव काही घालायचं नाही. बायांनी घातलंही नाही. बोटांनी मात्र आपणहून घातलं.

हे सासूबाईंच्या ध्यानात आलं ते एक्क्याण्णव साली. पलीकडच्या बव्हेरियातला एक जुनाबाजारवाला खोकाभर तुकडे घेऊन आला होता. त्यातला एक हात टेबलावरून पडून फुटला. सासूबाईंनी आत डोकावलं आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की मी स्वयंपाकघरातून धावत आले.

"रोझी, अगं बघ! इडाचा पाव!"

मी बघितलं. तीन टिंबं. मला मेलीला काही कळलं नाही. मी लाउशाची, माझं माहेर काचेचे डोळे करणाऱ्यांचं. आमच्या भागात माणसं अशीच ओळखली जात, हे हातवाले, ते डोळेवाले, पलीकडचे केसवाले. पूर्ण बाहुली कोणीच कधी केली नाही. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "डोळेवाल्यांची पोर आहे, तेव्हा घर बघून घेईल. काम कोण करणार ते विचारते." त्यावर माझी आई म्हणाली, "हात तुमच्याकडं भरपूर आहेत की!" तेव्हापासून आमच्या दोन घरांचं असंच चाललेलं.

सासूबाई जन्मल्या ते हेच घर. त्यांचे यजमान ओटो इथं राहायला आले होते. मी पाहिले नाहीत. घर मुळात आइखहोर्नांचं, म्हणजे सासूबाईंच्या आईचं. हुल्डा आइखहोर्न. या हुल्डाबाईंनी याच चुलीजवळ बसून तेहतीस वर्षं हात दाबले. चुलीवर दोरीनं टांगलेल्या फळ्यांवर हात वाळत असायचे, त्यांच्याखाली बटाटे उकडत असायचे आणि सगळ्याला सरसाचा वास. डावे-उजवे जोड लावून डझनाची जुडी बांधायचं काम पोरांचं. शनिवारी हुल्डाबाई पाठीवर करंडी बांधून डोंगर उतरायच्या, झोनेबेर्गला व्यापाऱ्याकडं माल टाकायच्या. येताना करंडीत खारवलेला मासा आणि पुढच्या आठवड्याचा खडू. सासूबाई हे सांगायला लागल्या की त्यांचा आवाज लहान मुलीसारखा व्हायचा, आणि खोटं कशाला बोलू, आम्हालाही तो सरसाचा वास यायला लागायचा. कष्टच होते ते. पण घर भरलेलं होतं, आणि गल्लीत कोणाच्याही दारावरून गेलं तरी आतून पीठ थोपटल्याचा आवाज यायचा. आज त्याच गल्लीत दुपारी नुसता टीव्ही ऐकू येतो.

तर, खोके यायला लागले. शिक्का नाही आणि पॅरिसचंही नाही असं कळलं की बरेच हौशी लोक वैतागून म्हणायचे, "ठेवा तुमच्याकडंच." सासूबाई ठेवायच्या. माळ्यावरची हुल्डाबाईंची जुनी वाळवणाची मांडणी त्यांनी खाली आणवली, तिला एकोणीस खण पाडून घेतले, आणि प्रत्येक खणाखाली एका हातवाल्या घराचं नाव चिकटवलं. धूळ पुसायचं काम अर्थात माझं. पंधरा वर्षांत एकेक करत अठरा खण भरले. एकोणिसावा रिकामाच. त्याखालचा कागद मी कधी नीट वाचला नव्हता. एकदा फडकं मारता मारता वाचला. हुल्डा आइखहोर्न.

"आई, आपल्याच घरचा एकही हात नाही?" मी विचारलं.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी जाळले."

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात. युद्ध संपलं होतं, माल घ्यायला व्यापारी नव्हता, लाकूड मिळत नव्हतं आणि हुल्डाबाईंची छाती कफानं भरली होती. घरात तीन करंड्या हात पडून होते. हुल्डाबाई अंथरुणातून म्हणाल्या, "घाल चुलीत." अठरा वर्षांच्या मेटानं घातले. कागदाचा लगदा, छान पेटतो. "मूठभर मूठभर टाकले," सासूबाई म्हणाल्या. "एकसुद्धा बाजूला ठेवावा असं सुचलं नाही बघ."

हुल्डाबाई त्या हिवाळ्यातून वाचल्या, अठ्ठावन्नला गेल्या. फोटो एकही नाही. थडग्याची मुदत आमच्याकडं तीस वर्षांची. अठ्ठ्याऐंशीला ती जागा दुसऱ्यांना गेली, दगड उचलला. नियमच आहे, कोणाला बोल लावणार? सासूबाई त्या दिवशी परसात जाऊन घेवड्याच्या बिया लावत राहिल्या. म्हणजे बघा, ज्या बाईनं हजारो हात केले, तिचं या पृथ्वीवर नखाएवढंही काही उरलं नव्हतं. सासूबाई प्रत्येक खोक्यात करंगळी घालत होत्या त्या पाहुण्यांसाठी नव्हे. आईला शोधत होत्या. आइखहोर्नांची खूण मला त्यांनीच शिकवलेली: दोन खळगे शेजारी-शेजारी, आणि खाली नखाची एक तिरकी रेघ.

दोन हजार सहा साल. गावजत्रेच्या आधीचा शुक्रवार. जत्रेसाठी पाव आणि केक दोन्ही भाजायचे, त्यामुळं भट्टीवर झुंबड. आमचा नंबर दुपारचा होता. पाव आत सारून आम्ही घरी येऊन कॉफी घेत होतो, तेवढ्यात दारात एक बाई. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, नॉयश्टाटच्या. नॉयश्टाट म्हणजे डोंगराखालचं पलीकडचं गाव, दहा मिनिटांवर. मधे चाळीस वर्षं कुंपण होतं म्हणून ते अमेरिकेइतकं लांब.

"मी गेर्लिंडे फाडेनहावर," त्या म्हणाल्या. "फार वेळ घेत नाही तुमचा."

रुमालात गुंडाळलेला कोपरापर्यंतचा एक उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला. शिवणीला तडा गेलेला, रंग उडालेला. त्यांच्या आईची बाहुली होती. आई वृद्धाश्रमात, बाहुली मांडीवर, आणि बाहुलीचा हा हात गळून पडलेला. दुरुस्तीवाल्यानं बघितलं, म्हणाला, शिक्का नाही, काही नाही, फालतू माल दिसतो. दोन्ही हात काढून प्लास्टिकचे बसवतो. "आई काही बोलत नाही, पण नुसती त्या रिकाम्या बाहीशी खेळत बसते. म्हटलं एकदा विचारावं, हा हात नीट करण्याच्या लायकीचा आहे का. नसेल तर घाला तुमच्या चुलीत."

सासूबाईंनी चष्मा वर ढकलला. हुंगला. करंगळी आत घातली. खिडकीबाहेर बघू लागल्या.

मिनिट झालं, दोन झाली. कॉफी गार झाली. मी त्यांच्याकडं बघत होते, आणि त्यांच्या गळ्याशी एक शीर उडताना मला दिसली.

"नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. "हा कुणाचा ते नाही कळत."

पंधरा वर्षांत हे वाक्य त्या घरात मी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे फालतूच," गेर्लिंडेबाई म्हणाल्या.

"ठेवून जा इथंच. चुलीचं बघते मी."

त्यांनी आभार मानले, पुढंमागं काही आठवलं तर म्हणून फोन नंबर लिहून ठेवला आणि गेल्या. गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. सासूबाई उठल्या, मांडणीपाशी गेल्या आणि एकोणिसाव्या खणात तो हात ठेवला.

माझी जीभ काही ताळ्यावर राहणारी नाही. "आई, खोटं बोललात तुम्ही."

"तू तुझं काम बघ."

"बघतेय की. डोळेवाल्यांची ना मी?"

"माझ्या आईचा आहे तो!" त्या माझ्यावर ओरडल्या. ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या त्या, टोचून बोलणाऱ्यातल्या होत्या. "साठ वर्षं झाली. इतक्या लोकांना फुकट सांगितलं, एक हात घेतला तर काय आकाश कोसळलं? ती बसवील प्लास्टिकचे. तिचं काय अडतंय?"

"त्या म्हातारीचं अडतंय."

खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि वर इतकी ओरडलेही नसते.

थोड्या वेळानं त्यांनी हात पुन्हा खणातून काढला. "रोझी, बटाट्याची सुरी दे."

"कशाला?"

"बोटानं आंधळ्यासारखं किती चाचपू? बघू दे एकदा डोळ्यांनी."

शिवण तडकलेलीच होती. सुरीचं टोक फिरवलं आणि दोन्ही शिंपा अलगद सुटल्या. तळहाताकडची त्यांनी उजेडात धरली. दोन रुंद खळगे, कामानं कडक झालेल्या अंगठ्याचे, आणि खाली नखाची तिरकी रेघ, परवाच ओढल्यासारखी. सासूबाईंनी त्या खळग्यात आपला अंगठा ठेवला. बसला. "मापात आले मी आईच्या," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं.

मग त्यांनी दुसरी शिंप उचलली, पाठीकडची. आणि त्यांचं रडणं थांबलं.

तिथंही तीच खूण होती. दोन खळगे, खाली तिरकी रेघ. पण खळगे मटाराएवढे. एक खोल, एक उथळ, आणि रेघ जरा जास्तच लांब, जोर लावून ओढलेली.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

सासूबाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "हे माझं."

त्या आठ वर्षांच्या होत्या, छत्तीस सालचा पानगळीचा मोसम, नाताळचा माल चाललेला. तोवर फक्त जुड्या बांधायच्या. त्या दिवशी हुल्डाबाईंनी पाटावर शेजारी बसवलं, साच्याचा अर्धा भाग पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "तळहात मी करते, पाठ तू कर. पावाला दाबतेस तसं दाब." त्यांनी दाबली. हुल्डाबाईंनी दोन्ही शिंपा चिकटवल्या, पुसल्या आणि पोरीच्या हातात दिल्या. मेटानं तो हात एप्रनच्या खिशात घातला.

"मी म्हटलं, हा मी ठेवणार. मी केलाय. आमच्या घरात हात पोत्यानं होते गं, पण बाहुली कोणाकडं होती? मला एक हात तरी हवा होता," सासूबाई म्हणाल्या. "आईनं खिशातून काढून घेतला. मारलं नाही, रागावली नाही. म्हणाली, 'ठेवायचा नसतो, मेटा. कुठंतरी एक बाहुली एका हातानं बसलीय. तिनं काय करायचं?' आणि जुडीत बांधून टाकला."

बाहेर कोणीतरी आमचे पाव न्यायला हाक मारत होतं. भट्टी उघडली होती. मी उठले नाही. सासूबाई दोन शिंपा दोन हातांत घेऊन बसल्या होत्या. एकीत आई, एकीत त्या.

"जा, पाव घेऊन ये. करपतील," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि येताना लेन्झाकडून चमचाभर सरस माग. त्याच्याकडं असतो."

मी पाव आणि सरस घेऊन आले. थोड्याच वेळात तो चुलीवर वाटीत विरघळू लागला, आणि तीस वर्षं ज्याच्या गोष्टी ऐकल्या तो वास घरभर पसरला. सासूबाईंनी दोन्ही कडांना काडीनं सरस लावला. चिकटवण्याआधी थांबल्या.

"आई, एक शिंप ठेवा ना," मी म्हटलं. "दुसरी साच्यात करता येईल. कोणाला कळणारेय?"

"अर्धा हात द्यायचा?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच चोरी केली होती. "डोळेवाली कुठली."

आणि त्यांनी शिंपा एकमेकींवर दाबल्या. आता आत कोणाला दिसणार नव्हतं. सुतळी गुंडाळून हात चुलीवर वाळत ठेवला, दुसऱ्या दिवशी शिवणीवर खडू भरून घासला, फिका गुलाबी रंग दिला. नखं मात्र जुनीच ठेवली.

रविवारी जत्रेचे बटाट्याचे गोळे आणि मांसाचा रस्सा जेवून माझा नवरा लोथार गाडी काढतोय तर सासूबाई काळा कोट घालून आधीच मागं बसलेल्या. मी गेर्लिंडेबाईंना फोन केला होता. त्या आश्रमाच्या दारात उभ्या होत्या.

सासूबाईंनी नमस्कारसुद्धा केला नाही. "परवा मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "हात माझ्या आईचा आहे. ओळखला होता मी. मला ठेवून घ्यायचा होता."

गेर्लिंडेबाई गोंधळल्या. मग समजलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "अहो मग ठेवा ना! मी सांगते आईला काहीतरी."

"नको. कुठं आहे ती?"

कुनिगुंडेबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल, शालीवर बाहुली. शहात्तरच्या, सासूबाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण पार वाळून गेलेल्या. बाहुलीची उजवी बाही टाचणीनं वर टाचलेली. सासूबाईंनी आयुष्यात असंख्य हात पाहिले होते, पण आपल्या घरचा हात लावलेली पूर्ण बाहुली पहिल्यांदाच बघत होत्या. निळा झगा, पांढरे मोजे, डोक्याला खरे केस. डोळे काचेचे, तपकिरी. ते मी ओळखले. ते आमच्याकडचे, लाउशाचे होते, तेवढी फुशारकी मला मारू द्या.

"आला का हा?" हात बघून कुनिगुंडेबाई म्हणाल्या. "कुठं हुंदडत होता इतके दिवस?"

सासूबाईंनी पिशवीतून सुई-दोरा काढला, बाहीची टाचणी काढली आणि कापडी दंडाला हात शिवायला बसल्या. कुनिगुंडेबाई त्यांच्या बोटांकडं बघत होत्या. "नीट घट्ट शिवा हं. मी सात वर्षांची असतानाही निघाला होता हा. छत्तीसच्या नाताळात मिळाली ही मला, पुढच्या उन्हाळ्यात हात सैल."

"तेव्हा कोणी शिवला?"

"आईनं. पण लगेच नाही शिवू दिला मी." त्या हसल्या, दात नव्हते. "आत बोट घालायची मी. आत खड्डे आहेत ना, दोन मोठे, दोन लहान? मोठ्यात माझं बोट हलायचं. पण लहानात बरोबर बसायचं, अगदी मापानं. मला वाटायचं, आत कुणीतरी माझ्याएवढी आहे. रात्री झोपताना मी तिचा हात धरायची."

सासूबाईंची सुई थांबली.

"होती," सासूबाई म्हणाल्या. "मीच होते ती."

कुनिगुंडेबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं, मग बाहुलीकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं. "एवढी मोठी झालीस होय?" त्या म्हणाल्या, आणि शालीखालून आपला सुरकुतलेला हात काढून सासूबाईंच्या हातावर ठेवला. टाके त्यानंतर मी घातले, कारण सासूबाईंना सुई दिसत नव्हती.

परतताना गाडी जुन्या सीमेच्या चढाला लागली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोटं भरायची म्हणून केले होते गं ते हात. कोणी धरून झोपत असेल असं कधी मनातसुद्धा आलं नाही. आईला सांगायला हवं होतं."

त्या दोन हजार नऊ साली गेल्या. अजूनही कोणी कोणी खोका घेऊन येतं. मी करंगळी घालते, मांडणीतल्या हातांशी ताडून बघते, जमलं तर सांगते. शुक्रवारी पावावर दोन खळगे आणि तिरकी रेघ दाबणारी आता मीच आहे. लोक मांडणी बघतात आणि एकोणिसाव्या खणापाशी थांबतात. नाव आहे आणि खण रिकामा, असं का, म्हणून विचारतात.

"तो कामावर आहे," मी सांगते.